इंग्लंडमधलं क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं जुनं मीटिंग हाऊस (प्रार्थनासभेची इमारत) घेऊन त्याचं घर करता येतं का?

येतं. पण इमारत ‘लिस्टेड’, म्हणजे संरक्षित वारसा-इमारतींच्या सरकारी यादीत, आहे का ते आधी बघा. १७ व्या-१८ व्या शतकातली बरीचशी असतात. तशी असेल तर परवानग्या दोन: वापर बदलायला प्लॅनिंग परमिशन आणि आतबाहेरच्या फेरफारांना लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट. दुसरी न घेता तोडफोड करणं हा फौजदारी गुन्हा आहे.

खरी ओढाताण होते ती लाकूडकामावरून. भिंतीलगतचा उंच बाकांचा ओटा आणि पुरुषांची व बायकांची सभा वेगळी करणारी सरकत्या फळ्यांची भिंत काढायला सहसा मंजुरी मिळत नाही. उंच खिडक्या मधोमध कापणारा मजलाही नाकारला जातो. मोठी खोली मोकळी ठेवा, बेडरूम आतल्या वरच्या गॅलरीत किंवा लगतच्या खोल्यांत बसवा.

अंगणात थडगी दिसत नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका. १८५० पर्यंत क्वेकर थडग्यांवर दगड बसवणं टाळत. बंद दफनभूमीवर बांधकामाला १८८४ च्या कायद्याने साधारणपणे मनाई आहे, त्यामुळे वाढीव खोली किंवा सेप्टिक टँक आखण्याआधी वकिलाकडून दफनाच्या नोंदी तपासून घ्या.

भिंतींना चुनाच वापरा. सिमेंटने ओल आत कोंडते, दगडाचे पापुद्रे सुटतात, तुळयांची टोकं कुजतात.

छतात वटवाघळं असू शकतात. ती संरक्षित आहेत. त्यांची मुख्य पाहणी तिथल्या उन्हाळ्यातच (साधारण मे ते सप्टेंबर) होते, हंगाम हुकला की काम पुढच्या वर्षावर.

रूपांतराच्या कामावर व्हॅट २० ऐवजी ५ टक्के लागू शकतो. हे कंत्राटदाराशी बिल निघण्याआधी बोला, नंतर निस्तरणं कटकटीचं.