दुबईतलं चर्च: पहिल्या दिवशी चहाला थांबा

तुमचे प्रश्न तीन. जुलैत दुबईला येताय, तर मराठी उपासना मिळेल का. अनोळखी मंडळीत सामावून घेतात का. आणि ते जमलं नाही तर घरी प्रार्थनासभा ठेवता येईल का. मी इथे चौदा वर्षं आहे. त्यातली सहा वर्षं आमच्या चर्चच्या दारात नव्या लोकांच्या स्वागताला उभी असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तिथे चूक महागात पडेल. घरी सभा नको. चार ओळखीची माणसं जेवायला आली आणि जेवणाआधी प्रार्थना केली, तर कोणी काही म्हणत नाही. पण दर आठवड्याला पंचवीस जण, गाणी, संदेश म्हटलं की ती उपासना झाली आणि ती परवाना असलेल्या जागेतच करायची, असा इथला कायदा आहे. मुस्लिमांमध्ये धर्मप्रचार करणं हा तर गुन्हाच. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांच्या ध्यानीमनीही नसते: कोणाच्या अडचणीसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर वर्गणी काढणं. हेतू कितीही चांगला असो, परवानगीशिवाय पैसे गोळा करायचे नाहीत. चर्चच्या कचेरीत सांगा. मदत कोणत्या वाटेने करायची ते त्यांना माहीत असतं.

आता भाषा. मराठी उपासनेच्या भरवशावर येऊ नका. शहरात चर्चसाठी दोन मोठ्या जागा आहेत, ऊद मेथा आणि जबल अली. ऊद मेथाला कॅथलिकांचं सेंट मेरीज आहे. दुबईचे तेव्हाचे शासक शेख राशिद यांनी दिलेल्या जागेवर ते १९६७ साली उभं राहिलं, आताची मोठी इमारत १९८९ची. तिथे मल्याळम, तमिळ, टागालोग, अरबी, उर्दू अशा बऱ्याच भाषांत मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, होते. कोंकणीतही होते, म्हणजे आपल्या कानाला सगळ्यात जवळची. तुम्ही प्रॉटेस्टंट आहात, तर जवळच असलेल्या अँग्लिकन होली ट्रिनिटीत जा. त्या आवारात वेगवेगळ्या मंडळ्या वेळा वाटून घेऊन हॉल वापरतात. एकाच दारातून तमिळ लोक बाहेर पडत असतात आणि फिलिपिनो आपले ड्रम आत नेत असतात. ऊद मेथाला मेट्रो जाते. जबल अलीला गाडी असलेली बरी.

वार मात्र नीट विचारून घ्या. आम्ही आलो तेव्हा शुक्रवार म्हणजेच आमचा रविवार होता. जानेवारी २०२२पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवार झाली, तरी शुक्रवारची उपासना बंद पडलेली नाही. आता दोन्ही दिवशी गर्दी असते. ख्रिसमसला सार्वजनिक सुट्टी नसते, तेव्हा नवऱ्याच्या रजेत तो दिवस आत्ताच धरून ठेवा.

राहिला सामावून घेण्याचा प्रश्न. इथे माझी स्वतःची फजिती सांगते. पहिले सात शुक्रवार मी शेवटच्या बाकावर बसले आणि आशीर्वाद संपताच मुलीला कडेवर घेऊन टॅक्सी गाठली. घरी येऊन नवऱ्याला म्हणायचे, "इथे कोणी विचारत नाही." आठव्या शुक्रवारी टॅक्सीच मिळेना, म्हणून अंगणात चहाच्या टेबलापाशी उभी राहिले. एका केरळी काकूंनी मुलीचा कप धरला आणि नाव-गाव सोडून पहिला प्रश्न केला, "एजारी झाली का?" म्हणजे भाडेकराराची नोंदणी. झाली नव्हती, आणि त्यावाचून काय काय अडतं याची मला कल्पनाच नव्हती. पंधरा मिनिटांत चार बायका जमल्या. एकीने घरमालकाकडून कोणते कागद मागायचे ते सांगितलं, दुसरीने शाळांची नावं बिलाच्या पाठीवर लिहून दिली. देवाधर्माचं त्या दिवशी कोणी बोललंच नाही. इथलं स्वागत हे असं असतं, आणि ते प्रवचनाच्या वेळी होत नाही, चहाला होतं.

तेव्हा वीस मिनिटं थांबा, आणि विचारल्यावर "सगळं ठीक" म्हणू नका. काय अडलंय ते सांगा. दारात उभी राहणारी म्हणून सांगते, "ठीक" म्हणणाऱ्या माणसाचं पुढे काय करायचं ते आम्हालाही कळत नाही.

जुलै हा महिना मात्र वाईट. शाळांना सुट्टी, अर्धी मंडळी मायदेशी, उरलेली उन्हाने घरात कोंडलेली. बाकं रिकामी दिसली म्हणून या चर्चमध्ये जीवच नाही असं ठरवू नका. सप्टेंबर उजाडू द्या. आणि हेही ठाऊक असू द्या, की इथे सगळेच व्हिसावर. ज्यांच्याशी जीव जडतो ते दोन-तीन वर्षांत कॅनडाला नाहीतर घरी जातात. माझ्या त्या चौघींपैकी आज एकही इथे नाही. काही जुने लोक म्हणूनच नव्यांशी बेताने बोलतात. त्याला तुसडेपणा समजू नका, निरोप देऊन थकलेली माणसं आहेत ती.

कागद: बाप्तिस्म्याचे दाखले आणि तुमच्या पाळकांचं पत्र बरोबर आणा. मुलांच्या संस्कारांच्या वेळी लागतात, आणि इथून मागवताना जीव मेटाकुटीला येतो.

जाणारे लोक सामान चर्चमध्येच देऊन जातात, म्हणून आल्या आल्या फार खरेदी करू नका. बाल्कनीत दिसतील असे कपडे वाळत घातले तर दंड होतो, त्यामुळे घरात मावणारा स्टँड लागेलच. आमच्याकडे एक जादा आहे. आमच्याआधी दोन कुटुंबांनी वापरलाय, एक पाय तारेने बांधलाय, पण ओल्या चादरी पेलतो. हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा.