वडील गेलेल्या १४ वर्षांच्या भाचीला मृत्यूबद्दलची पुस्तकं द्यावीत का?

प्रश्न असा आहे: 'माझ्या भाचीचे वडील मार्चमध्ये वारले. ती १४ वर्षांची आहे, वाचनाची आवड आहे. घर, मृत्यू, आपण नेमके कोण, अशा विषयांवरच्या कुमारवयीनांसाठीच्या मराठी कादंबऱ्या सुचवा. आत्ताच द्याव्यात की एक-दोन वर्षं थांबावं?'

तुम्ही मामा आहात म्हणून लिहायला बसले. थांबायचं का, हा प्रश्न माझ्या मामालाही पडला होता आणि त्याचं उत्तर त्यानं मला न विचारता देऊन टाकलं होतं. थांबू नका.

आई गेली तेव्हा मी नववीत होते, १९९९ साली. काविळीचं निमित्त झालं आणि अकरा दिवसांत सगळं संपलं. बाबांची नोकरी फिरतीची. धाकट्या भावाला आत्यानं नेलं आणि माझी रवानगी निपाणीला, आजोळी झाली. मला कुणी विचारलं नाही, का ते सांगितलंही नाही. आजीच्या घरी सोप्यात आईचा लग्नाआधीचा एक फोटो असायचा. मी पोचले त्या दिवशी भिंतीवर नुसता खिळा होता. मला त्रास नको म्हणून मामानं फोटो कपाटात ठेवला होता.

त्या महिन्यात दोघांनी मला 'श्यामची आई' आणून दिलं. आईवेगळ्या पोरीला दुसरं काय द्यायचं हे लोकांना सुचत नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं ते पुस्तक मोठंच आहे, पण मला ते वाचवेना. श्यामची आई रागावते तीसुद्धा त्याच्या भल्यासाठी. माझी आई दमली की उगीचच चिडायची. आजारी पडायच्या आदल्या दिवशी वेणीवरून आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि मी तिच्याशी दोन दिवस अबोला धरला होता. तिला दवाखान्यात नेताना तो चालूच होता. हे घेऊन त्या पुस्तकापाशी जायची मला लाज वाटायची.

मग गावातल्या वाचनालयातल्या बाईंनी एक दिवस काही न बोलता प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' माझ्यापुढे ठेवलं. लंपनचे आईवडील दुसऱ्या गावी आणि तो आजीकडे. गाव सीमाभागातलं, मराठीत कानडी मिसळलेलं, अगदी आमच्या निपाणीसारखं. आपल्याला इथे का ठेवलंय हे त्याला नीट उमगत नाही आणि तो ते कुणाला विचारतही नाही. कुठलीही गोष्ट कितीदा झाली याचा आकडा सांगायची त्याला खोड आहे. मी माडीवर बसून वाचायचे आणि वहीच्या मागच्या पानावर दिवसातून आई कितीदा आठवली त्याच्या रेघा मारायचे. पहिल्या दिवशी एकतीस झाल्या. बत्तिसावी मारताना मला रडू फुटलं, आई गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं.

मामा धावत वर आला. "रडालीस व्हय? काय वाचालीस असलं?" म्हणत त्यानं पुस्तक उचललं. दुसऱ्या दिवशी ते परत करून आला आणि बाईंना बजावून आला, "पोरीला रडवी पुस्तकं देऊ नका, हसतखेळत राहू दे." येताना 'फास्टर फेणे'चे तीन भाग घेऊन आला. बन्या फेणे माझा आधीपासून लाडका होता. त्या उन्हाळ्यात मात्र एकही पान पुढे सरकलं नाही. रेघा मारणंही बंद झालं. पुढची दोन वर्षं त्या घरात आईचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही.

मला दहावीला ८१ टक्के पडले. मामा आजही चारचौघांत सांगतो, "आम्ही पोरीला दुःखाची झळ लागू दिली नाही." मागच्या वर्षी एका लग्नात, पंगतीत, पुन्हा म्हणाला. माझ्यावर त्याचा जीव आहे, माझ्या फिया त्यानं भरल्यात, म्हणून मी पानात बघत राहिले. इथे सांगते. झळ लागलीच होती. तुम्ही फक्त ती माझी एकटीची ठेवलीत. ते पुस्तक असतं तर निदान लंपन तरी सोबतीला असता.

'वनवास' पुन्हा हातात आलं ते कॉलेजात, स्वतःच्या पैशानं घेतलं तेव्हा. आणखी बऱ्याच वर्षांनी संतांविषयी वाचलं. ते आजोळी दत्तक गेले होते, कागदोपत्री त्यांचं नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित. वडील, कवी ना. मा. संत, ते लहान असतानाच गेले. आई म्हणजे कवयित्री इंदिरा संत. कराडला भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या या माणसानं लंपन लिहिताना वडिलांचं नाव आणि आडनाव स्वतःला परत लावून घेतलं. 'आपण नेमके कोण' असं तुम्ही विचारलंय ना, त्याचं उत्तर मला मुखपृष्ठावरच्या त्या नावात दिसतं.

तर, 'वनवास'पासून सुरुवात करा. पुढे 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर', याच क्रमानं. तुम्ही कादंबऱ्या मागितल्यात आणि ही कथांची पुस्तकं आहेत, पण ओळीनं वाचली की एकाच मुलाचं मोठं होणं वाचल्यासारखं होतं. मिलिंद बोकीलांची 'शाळा'ही देता येईल. आणीबाणीच्या काळातली नववीची मुलं आहेत, म्हणजे तिच्याच वयाची. त्यात कुणाच्या मरणाचा घाव नाही, पण माणूस समोरून निघून जातं आणि आपल्याला काहीच करता येत नाही, ते आहे. पोरांच्या तोंडच्या शिव्या बघून दचकू नका, तिनं वर्गात त्या ऐकलेल्या आहेत. 'कोसला' आत्ता नको. त्यातल्या नायकाची, पांडुरंगची, धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं जाते, ती पानं मला अजून सलग वाचवत नाहीत. सतरा-अठराची झाली की तिची ती शोधेल.

या सगळ्यांत सांगणारे मुलगेच आहेत याचा मला राग आहे, पण चौदाव्या वर्षी मला त्यानं फरक पडला नव्हता.

हे सगळं वाचणाऱ्या पोरीला लागू आहे. ती जेवत नसेल, झोपत नसेल, शाळेत जायचंच नाही म्हणत असेल तर पुस्तकाच्या भरवशावर राहू नका, समुपदेशकाकडे न्या. आणि तिला खरंच बन्या फेणे हवा असेल तर तो द्या, माझं म्हणणं तिच्यावर लादू नका. तिच्या आईला आधी विचारा, नवरा तिचा गेलाय.

दिल्यावर "वाचलंस का" विचारू नका. वरच्या खोलीतून रडण्याचा आवाज आला तर जरूर वर जा. तिच्या शेजारी बसा, पुस्तक तिच्या हातातच राहू द्या. आणि तिच्या वडिलांचा फोटो तुम्हीही कुठल्या कपाटात ठेवला असेल, तर आज संध्याकाळी परत लावा.