पस्तीस टक्के जातात कुणाकडे?

प्रश्न: महूजवळ आमची सामायिक शेती आहे. दर उन्हाळ्यात जाऊबाई आणि मी बटाट्याचे चिप्स वाळवून विकतो. मुलगा म्हणतो, वीस लाखांचं युनिट टाकू. ओळखीचा एक एजंट सांगतो, "सात लाख सरकार देतंय, फाइलचे पंचवीस हजार तेवढे द्या." काय करावं?
– एक वाचिका, सुदामानगर, इंदूर

उत्तर: ताई, एजंटाला चहा पाजा आणि निरोप द्या. तो सांगतो ती केंद्राची पीएमएफएमई योजना, 2020 पासूनची. छोट्या खाद्यप्रक्रिया उद्योगाला पात्र खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख. त्यात प्रत्येक जिल्ह्याला एक माल ठरवून दिलाय, इंदूर जिल्ह्याच्या वाट्याला बटाटाच आलाय. अर्ज भरायला मदत करणारी माणसं नेमलेली असतात आणि त्यांचं मानधन सरकार देतं.

आता सात लाखांचं. ते हातात पडत नाहीत. वीस लाखांत निदान दोन लाख तुमचे, अठरा बँकेचे. अनुदान आलं की तीन वर्षं बँकेतच वेगळ्या खात्यात राहतं. तेवढ्या रकमेवर व्याज मिळत नाही आणि लागतही नाही. तीन वर्षांनी कर्ज थकलेलं नसेल आणि युनिट चालू असेल, तरच ते कर्जात वळतं होतं. अनुदान बँकेत येईपर्यंत व्याज मात्र पूर्ण अठरा लाखांवर.

बँकेत कृषीकर्जाच्या टेबलावर बसून मी एक गोष्ट पुष्कळदा पाहिली. त्याच यंत्राचं कोटेशन रोखीच्या गिऱ्हाइकाला एक, अनुदानवाल्याला दुसरं. मग अनुदान शेतकऱ्याला मिळालं की विक्रेत्याला? 2017 साली आपल्याकडे भावांतर योजना आली तेव्हाही हीच ओरड होती: हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरक सरकार देणार म्हटल्यावर व्यापाऱ्यांनी मंडीत सोयाबीनचे भाव पाडले. म्हणून मुलाला सांगा, योजनेचं नावही न काढता दोन-तीन ठिकाणी भाव विचार.

आणि वीस लाखच का? सालं काढायचं यंत्र, स्लायसर, पॅकिंगचं सीलर एवढ्यानं तुमचा धंदा वाढेल. एप्रिलमधलं माळव्याचं ऊन फुकट आहे, ड्रायर पावसाळ्यात माल काढायचा असेल तरच. मला तर दाट शंका आहे की वीसचा आकडा गिऱ्हाइकावरून नव्हे, अनुदानावरून आलाय. अनुदान शून्य धरून हिशेब मांडा. हप्ता निघत असेल तर पुढे जा. त्यात फेब्रुवारी-मार्चात चोइथराम मंडीतून बटाटा रोखीनं उचलायचा पैसा वेगळा धरा. चिप्स वर्षभर विकले जातात, बटाटेवाला थांबत नाही. बुडालेली बरीच युनिटं यंत्रापायी नाही, या खेळत्या भांडवलापायी बुडाली.

पीएमईजीपी, म्हणजे केंद्राचीच रोजगारनिर्मितीची योजना, हा दुसरा रस्ता आहे. ग्रामीण भागात महिलेला तिथेही 35 टक्के आणि स्वतःचा वाटा फक्त 5 टक्के. पण ती नव्या उद्योगासाठी. तुमचा चालू आहे, तेव्हा तुम्हाला पहिली पीएमएफएमईच बरी. तिची मुदत 2024-25 वरून एक वर्ष वाढवली होती, त्यामुळे आधी उद्यानिकी विभागात जाऊन अर्ज घेतात का ते विचारा. जमीन सामायिक आहे ना? मग शेड उभारायला दिरांची लेखी संमतीही आत्ताच घेऊन ठेवा.