थीम पार्कच्या जुन्या वस्तूंनी भरलेलं एखाद्या संग्राहकाचं घर तुम्ही पाहिलंय का? तिथे जाताना काय सांभाळावं?

पाहिलंय. तीनदा. तुम्ही लिहिलंय की एका संग्राहकाशी नुसती फोनवर ओळख झाली, त्यांनी घरी बोलावलंय, आणि लोकांच्या घरात जाऊन वस्तू बघायच्या म्हणजे नेमकं वागायचं कसं ते कळत नाहीये. मलाही कळलं नव्हतं. म्हणून पहिल्या खेपेला माझं काय काय चुकलं तेही सांगतो.

मी ज्यांच्याकडे गेलो ते गृहस्थ भुसावळचे, रेल्वेतून निवृत्त. नाव देत नाही, का ते पुढे कळेल. सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही. माझा जळगावला लहानसा छापखाना आहे. नाना तिथे बटर पेपर मागायला आले होते, तोही गठ्ठ्याने. मी विचारलं मिठाईचं दुकान आहे का, तर म्हणाले, "नाही हो, तिकिटं गुंडाळायची आहेत." कसली तिकिटं? तर पाळण्यांची, घसरगुंड्यांची, झुकझुक गाडीची. "या एकदा घरी," म्हणाले. मी पुढच्याच रविवारी गेलो. मे महिना होता.

भुसावळचा मे ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. नानांच्या बैठकीत कूलर होता, तिथे काकूंनी पाणी दिलं, जिवात जीव आला. मग नानांनी आतली खोली उघडली आणि तिथे कूलर नाही! साधा पंखा, तोही एकवर. कूलरच्या हवेत ओल असते, ती कागदात मुरते, मग बुरशीचे पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि कसर लागते. त्यामुळे माणसाने घामाघूम व्हायचं आणि तिकिटांनी कोरडं राहायचं, असा त्या घरचा नियम. तुम्हाला उन्हाळ्यात बोलावलं असेल तर सुती शर्ट घाला आणि हात पुसायला रुमाल न्या. घामट बोटांनी जुन्या कागदाला हात लावला की डाग आज दिसत नाही, वर्षाने दिसतो.

आता भुसावळच्या माणसाकडे हे सगळं आलं कुठून? जंक्शन आहे हो. मुंबईला जाणाऱ्या आणि दिल्लीला जाणाऱ्या गाड्या दारातून जातात, आणि नानांकडे रेल्वेचा पास. लोकांनी पासावर काशी केली, रामेश्वर केलं. नानांनी बायको-पोराला घेऊन दिल्लीचं अप्पू घर केलं. ते 1984 साली प्रगती मैदानात सुरू झालं. नाव 1982 च्या आशियाई खेळांच्या शुभंकरावरून, म्हणजे अप्पू या हत्तीच्या पिल्लावरून. 2008 साली ते बंद झालं. नानांकडे तिथली तिकिटं आहेत, अप्पूचं चित्र असलेला एक पत्र्याचा कंपास आहे, आणि पोराची एक टोपी आहे जिचं इलॅस्टिक आता भुग्यासारखं झडतं. मुंबईच्या गोराईचं एस्सेल वर्ल्ड 1989 चं. तिथे होडीने जावं लागायचं, तर नानांनी आतल्या तिकिटाबरोबर फेरीबोटीचं तिकीटही ठेवलंय. माझ्या मते अल्बमच्या त्या पानावरची खरी मौल्यवान वस्तू तीच. आतलं रंगीत तिकीट बरेच जण ठेवतात. होडीचं तिकीट कोण ठेवतो?

अमेरिकेतल्या डिस्नेलँडचंही एक कपाट आहे. नाना स्वतः तिकडे कधी गेले नाहीत; भाचा कॅलिफोर्नियात असतो, तो दर खेपेला काहीतरी घेऊन येतो. ते पार्क 17 जुलै 1955 ला उघडलं, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून तिथे कुपनांची पुस्तकं मिळायला लागली. पाळण्यांच्या दर्जाप्रमाणे कुपनांना आधी ए, बी, सी अशी तीन अक्षरं, 1956 ला डी आलं आणि 1959 ला ई. ए म्हणजे सगळ्यात साधं, घोड्याची ट्राम नाहीतर लाकडी घोड्यांचं चक्र. ई म्हणजे सगळ्यात भारी. मॅटरहॉर्न डोंगरावरून सुसाट खाली येणारी गाडी त्यातली. 1982 मध्ये ही पुस्तकं बंद झाली आणि एकाच तिकिटात सगळं असा कारभार सुरू झाला. पण ई तिकीट हा शब्द तिकडच्या बोलीत राहिला. सॅली राइड ही अमेरिकेची पहिली महिला अंतराळवीर 1983 मध्ये वर गेली, तेव्हा तिनेही तो अनुभव ई तिकिटासारखा आहे असं सांगितलं होतं.

नानांच्या पुस्तकात ए आणि बी कुपनं आहेत, ई एकही नाही. मी म्हटलं, कुणी काढून घेतली की काय. नाना हसले. "अहो, ई आधी संपायची. उरायची ती ए." हे इतकं सरळ आहे, पण मला सुचलं नव्हतं. चांगल्या पाळण्याची कुपनं लोकांनी वापरून टाकली आणि नको असलेली खिशात घालून घरी नेली. म्हणून आज संग्राहकांकडे ए सापडतं आणि ई दुर्मिळ. जे जपलं गेलं ते आवडतं म्हणून नाही, उरलं म्हणून. (छापखान्यातही असंच होतं. माझ्याकडे लग्नपत्रिकांचे जुने नमुने आहेत ते सगळे चुकलेल्या छपाईचे. बरोबर छापलेल्या गिऱ्हाईक घेऊन गेलं.)

आता माझी पहिली चूक. लाकडी कपाटावर एक पत्र्याची पाटी होती, जोकरचं तोंड, इंग्रजी अक्षरं. मी विचारलं, "नाना, याचे आज किती येतील?" नानांनी उत्तर दिलं नाही. म्हणाले, चहा घ्या. आणि त्यानंतर अर्धा तास माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. एकही ड्रॉवर उघडला नाही. मला वाटलं उन्हाने थकले असतील. किंमत विचारली की संग्राहकाला वाटतं हा घ्यायला आलाय, नाहीतर टेहळणी करायला. वस्तू कुठली, कुणाबरोबर गेला होता, त्या दिवशी काय झालं, हे विचारा. मग ते थांबत नाहीत, तुम्हालाच उठावं लागतं.

दुसरी चूक मोठी. मी न विचारता फोटो काढले आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकले. एका फोटोत खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी दिसत होती. भुसावळ केवढंसं? दोन दिवसांत नानांच्या दारात सात-आठ जण येऊन गेले. त्यातला एक भंगारवाला, काटा घेऊनच आला होता. काकूंनी त्याला पाणी पाजून परत पाठवलं. पण नाना माझ्याशी दोन महिने बोलले नाहीत, आणि बरोबरच होतं. तेव्हा फोटो विचारून काढा, घर ओळखू येईल असं काही टाकू नका, आणि पिशवी बाहेरच्या खोलीत ठेवा. तुमच्यावर संशय म्हणून नव्हे. नानांची एक किल्ल्यांची साखळी पाहुण्यांच्या गर्दीत गेली, तेव्हापासून ते प्रत्येकाच्या पिशवीकडे बघत बसायचे आणि वस्तू दाखवायच्या राहून जायच्या. पिशवीच नसली की त्यांना सुटल्यासारखं होतं.

दुसऱ्यांदा गेलो ते दिवाळीनंतर. या खेपेला माझ्या धंद्याचा थोडा उपयोग झाला. भिंग घेऊन गेलो होतो. ती जोकरची पाटी भिंगाखाली धरली तर रंगात बारीक ठिपके दिसले, म्हणजे आजची ऑफसेट छपाई. जुनी मिन्याची पाटी असती तर ठिपके नसते. तो रंग काचेसारखा भाजून बसवलेला असतो. हाताने रंगवलेली असती तर ब्रशचे फराटे दिसले असते. शिवाय गंज सगळीकडे सारखा होता आणि स्क्रूच्या भोकांभोवती मात्र पत्रा स्वच्छ. खऱ्या पाटीचा उलटा प्रकार, भोकापासून गंज सुरू होतो. नाना म्हणाले, मुंबईच्या चोर बाजारात घेतलेली, मला तेव्हाच शंका होती. मी हे सांगायला नको होतं का, असं नंतर वाटलं. पण त्यांनी विचारलं होतं. न विचारता कुणाच्या वस्तूला नकली म्हणू नका, एवढंच.

त्याच दिवशी त्यांच्या अल्बममधली चार-पाच तिकिटं कोरी दिसली. अलीकडची, मशीनमधून निघणारी. तो कागद उष्णतेने उमटणारा असतो, त्यावर शाईच नसते. उजेडात आणि गरम जागी तो फिकट होतो, आणि प्लास्टिकच्या पाकिटात घातला तर आणखी लवकर, कारण त्या प्लास्टिकमधली रसायनं त्याला खातात. म्हणजे 1980 च्या दशकातलं शाईने छापलेलं तिकीट ठणठणीत आणि परवाचं गायब! तुमच्या संग्राहकाकडे अशी तिकिटं असतील तर त्यांना आजच झेरॉक्स काढून ठेवायला सांगा. आणि लॅमिनेशन अजिबात नको. ते परत निघत नाही. नाना आता तिकिटं बटर पेपरात, आणि वर मांजरपाटात बांधतात, जुन्या दप्तरांचे रुमाल बांधायचे तशी.

घरच जपून ठेवायचं, हे आपल्या खान्देशाला नवीन नाही. चाळीसगावला स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे ना. तो माणूस अनेक दशकं घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. आत बसून फोटो काढले, चित्रं काढली, वस्तू जमवल्या. 1989 च्या शेवटच्या दिवशी गेले. आता ते घर बघता येतं. वेळ असेल तर आधी तिथे जाऊन या, कुणाच्या घरात वस्तू बघताना आवाज कसा आपोआप खाली येतो ते कळेल.

पण चाळीसगावच्या घरात आता कुणी राहत नाही. नानांच्या घरात दोन माणसं राहतात, आणि हे मला फार उशिरा लक्षात आलं. संग्रहाने देवघर स्वयंपाकघरात ढकललंय. न्हाणीच्या भिंतीवर जत्रेतला जाड दाखवणारा आरसा आहे आणि काकू त्यात बघूनच पदर सारखा करतात. ओट्यावर राहाटपाळण्याचा एक जुना डबा साखळीने टांगलाय, निळा, आकड्यासकट, 7. नानांनी तो सारंगखेड्याच्या यात्रेत एका पाळणेवाल्याकडून मोडीत घेतला. त्यात बसून काकू मेथी निवडतात. नाना मला सांगत होते की 1893 साली शिकागोत फेरिस नावाच्या इंजिनिअरने पहिला मोठा पाळणा उभा केला, 264 फूट उंच, 36 डबे, एकेका डब्यात 60 माणसं. काकू मेथीवरची नजर न काढता म्हणाल्या, "आणि पिशव्या कोण धरायचं?"

मला आधी समजलं नाही. मग कळलं. दिल्ली, गोराई, जत्रा, सगळीकडे नाना आणि पोरगा वर बसायचे आणि काकू खाली. डबे, पाण्याची बाटली, चपला, सगळ्यांच्या पिशव्या घेऊन. प्रत्येक पार्कातलं बाकडं कुठे होतं, सावली कधी यायची, नळाला पाणी होतं की नाही, हे त्यांना पाठ आहे. फेरीबोटीचं तिकीट राहिलं तेही त्यांच्या पिशवीत राहिलं म्हणून. मी नानांना विचारून विचारून जेवढं लिहून घेतलं, त्यापेक्षा जास्त त्या ओट्यावर मिळालं. तुम्ही जाल तेव्हा घरातल्या दुसऱ्या माणसाशी बोला. त्यांना सहसा कुणी विचारलेलं नसतं.

तिसऱ्यांदा रिकाम्या हाताने गेलो नाही. माझे वडील ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाई यंत्रावर, जत्रेतल्या पाळणेवाल्यांची तिकिटं छापायचे, अमळनेरच्या सखाराम महाराजांच्या यात्रेत वैशाखात खूप काम असायचं. माळ्यावर एक न वापरलेली पट्टी सापडली. गुलाबी कागद, नंबर टाकलेले, भोकंही पाडलेली. मी ती नानांना दिली. नानांनी कडेला धरली, बटर पेपर मागितला, पहिला नंबर बघितला, शेवटचा बघितला, आणि मधला एक नंबर गळलाय हेही लगेच पकडलं.

काकूंचं माहेर अमळनेरचं. त्यांनी चष्मा लावला आणि पट्टी वाचली. "राहाटपाळणा, एक खेप, पन्नास पैसे." मग नानांकडे वळल्या.

"पन्नास पैसाकरता माले खाले बसाडी दिन्हं व्हतं?"

नाना म्हणाले, "तूच नाही म्हणालीस. पोरगं कडेवर होतं."

"पोरगं सात वर्षांचं होतं."

नाना म्हणाले पाच. काकू म्हणाल्या, कंपास आणला त्या वर्षी तो दुसरीत होता, काढा अल्बम. नाना अल्बम काढायला उठले. मी चहा संपवला, "येतो" म्हटलं, पण दोघांचंही लक्ष नव्हतं.