तोतरेपणा: सुरुवातीला एवढंच करा

ताई, तुमचा चार वर्षांचा मुलगा 'म-म-मला' म्हणताना अडकतो, यात तुमची चूक नाही. तोतरेपणा आईबापांमुळे येत नाही. पण घरातलं बोलणं बदललं की मुलाला सोपं जातं, म्हणून स्पीच थेरपिस्ट (बोलण्याच्या अडचणींवर उपचार करणारे) आधी तुम्हालाच कामाला लावतील.

माझी लेक अडकली की मी पटकन शब्द पुरवायचो. मदतच वाटायची! मग थेरपिस्टने आमचा खेळतानाचा व्हिडिओ दाखवला. त्यात मी एकामागून एक विचारत होतो, 'गाडी कुठे चालली? रंग कुठला? आत कोण बसलंय?' पोरीला उत्तराला उसंतच नव्हती.

- रोज पाच मिनिटं फक्त मुलाशी खेळा. खेळ तो निवडेल, मोबाइल दुसऱ्या खोलीत.
- स्वतः सावकाश बोला. त्याला 'हळू बोल, श्वास घे' सांगू नका.
- पाहुण्यांसमोर 'कविता म्हणून दाखव' बंद. (आजीला पटवणं सगळ्यात अवघड.)

वेखंड चाटवण्यात आणि 'मोठा झाला की जाईल' म्हणण्यात महिने घालवू नका. मुंबईत असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेत दाखवा. आठवडाभर छान बोलून तो पुन्हा अडकेल, तेव्हा घाबरू नका. लिडकोम्ब वगैरे तोतरेपणावरच्या उपचार पद्धतींची तुलना आत्ता नकोच.