अमेरिकेत शेतजमीन राखण्यासाठी सरकार शेतकऱ्याला पैसे देते, ते नेमके कशाचे?

आपल्या मामेभावाने पेनसिल्व्हेनियात 'कॉन्झर्व्हेशन ईझमेंट' (शेतजमिनीवर बांधकाम न करण्याचे कायमचे बंधन) असलेले शेत पाहिले आहे, आणि आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: हे पैसे कोणते सरकार कशासाठी देते, ते घेतल्यावर जमीन कोणाची राहते, आणि महाराष्ट्रात असे काही करता येईल का. त्या राज्याच्या आग्नेय भागात मी जमीनमोजणीच्या एका खासगी कार्यालयात बारा वर्षे नकाशे करीत होतो आणि त्यांतील बरेच नकाशे अशाच व्यवहारांसाठी होते, म्हणून उत्तर मुख्यतः तिथल्या पद्धतीच्या आधारे देतो.

जमीन शेतकऱ्याचीच राहते. ती पेरणे, खंडाने देणे, गहाण ठेवणे, विकणे आणि वारसांना देणे हे सगळे हक्क त्याच्याकडे राहतात; फक्त त्यावर प्लॉट पाडून घरे किंवा दुकाने उभारण्याचा हक्क तो विकतो आणि तो हक्क कायमचा संपतो. मुंबई-पुण्याच्या वाचकांना टीडीआर (हस्तांतरणीय विकासहक्क) परिचित आहे. तिथे विकासहक्क एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागेवर वापरला जातो. इथे मात्र तो विकत घेऊन कुठेही न वापरता मोडीत काढला जातो. या कराराचा दस्त काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाच्या) नोंदणी कार्यालयात नोंदवतात आणि पुढे जमीन कितीही हातांत फिरली तरी तो बोजा जमिनीबरोबरच जातो. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यातली, कधीही कमी न होणारी नोंद अशी कल्पना केली तर ती फारशी चुकणार नाही.

किंमत ठरवण्याची रीत साधी आहे. मूल्यांकनकार त्याच जमिनीचे दोन भाव काढतो, एक बंधनापूर्वीचा आणि एक बंधनानंतरचा, आणि या दोहोंतला फरक ही त्या हक्काची किंमत. समजा, ८० एकरांचे शेत प्लॉट पाडण्याजोगे म्हणून एकरी २०,००० डॉलरला जाते आणि केवळ शेती करण्यासाठी ८,००० डॉलरला. मग फरक एकरी १२,००० आणि एकूण ९,६०,००० डॉलर होतो. म्हणूनच याला अनुदान म्हणणे मला पटत नाही, कारण शेतकरी त्याच्या मालकीची एक वस्तू विकतो आहे आणि सरकार तिचा मोबदला देते आहे. यातून एक गंमतही निघते: जिथे झोनिंगचे (कोणत्या भागात काय बांधता येईल याचे) नियम आधीपासूनच कडक असतात, तिथे बांधकामाची शक्यता कमी म्हणून दोन भावांतला फरकही कमी, आणि शेतकऱ्याच्या हाती येणारी रक्कमही कमी.

पैसे कोणते सरकार देते, याचे उत्तर मात्र सरळ नाही. न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवरच्या सफोक काउंटीने १९७४ मध्ये या प्रयोगाला हात घातला. तिथल्या बटाट्याच्या शेतांवर न्यूयॉर्क शहराची उपनगरे सरकत होती. पाठोपाठ मेरीलँडने १९७७ मध्ये राज्यपातळीवर योजना आणली. पेनसिल्व्हेनियाच्या मतदारांनी १९८७ मध्ये यासाठी १० कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. आज तिथे ६,००० हून अधिक शेते आणि सहा लाखांहून अधिक एकर जमीन या बंधनाखाली आहे. वॉशिंग्टनचे सरकार उशिरा आले. १९९६ च्या कृषी कायद्यात त्यासाठी ३.५ कोटी डॉलरची तरतूद झाली, २०१४ मध्ये वेगवेगळ्या योजना एकत्र करून 'ॲग्रिकल्चरल कॉन्झर्व्हेशन ईझमेंट प्रोग्राम' तयार झाला, आणि २०१८ च्या कायद्याने त्याला वर्षाला ४५ कोटी डॉलर नेमून दिले.

केंद्रीय कृषी खात्याची 'नॅचरल रिसोर्सेस कॉन्झर्व्हेशन सर्व्हिस' ही योजना चालवते. शेतजमिनीच्या बाबतीत या खात्याशी शेतकऱ्याचा थेट व्यवहार होत नाही, हे नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. अर्ज राज्य, काउंटी किंवा एखादा भूमी-न्यास (जमीन राखण्याचे काम करणारी खासगी संस्था) करतो, ईझमेंटही तोच धारण करतो, आणि केंद्र किमतीच्या निम्म्यापर्यंत रक्कम देते. विशेष महत्त्वाच्या गवताळ प्रदेशासाठी हा वाटा ७५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. उरलेली रक्कम राज्य, काउंटी आणि न्यास मिळून उभी करतात. पुष्कळदा शेतकरीही काही भाग सोडून देतो आणि त्या सोडलेल्या भागावर आयकरात सवलत घेतो. उत्पन्न मुख्यतः शेतीचेच असेल तर ही वजावट त्या वर्षीच्या संपूर्ण उत्पन्नापर्यंत घेता येते आणि उरलेली पुढची १५ वर्षे ओढता येते. याच सवलतीवर डोळा ठेवून काही गुंतवणूकदार टोळ्यांनी जमिनीचे फुगवलेले भाव दाखवून वजावटी लाटल्या, आणि अखेर २०२२ मध्ये काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, त्याला कायद्याने लगाम घालावा लागला; त्या प्रकाराचा खऱ्या शेतकऱ्याशी काही संबंध नव्हता, पण नाव मात्र ईझमेंटचे खराब झाले.

अर्ज केला की पैसे मिळाले असे होत नाही. केंद्राच्या योजनेत साधारणपणे निम्मी तरी जमीन उत्तम प्रतीच्या मातीची असावी लागते. शेजारी आधीच राखलेली शेते आहेत का, शहराचा दबाव किती आहे, यांचे गुण देऊन क्रमवारी लावली जाते, आणि निधी नेहमी अर्जांपेक्षा अपुरा असतो. शेतावर कर्ज असेल तर बँकेला आपला हक्क ईझमेंटच्या खालच्या क्रमांकावर न्यावा लागतो, आणि माझ्या अनुभवात फायली सर्वाधिक काळ तिथेच अडकत. एका शेताचा नकाशा मी तीनदा बदलला, कारण मूळ दस्तातली हद्द एका जुन्या ओकच्या झाडापासून मोजलेली होती आणि ते झाड कधीच पडून गेले होते. सुरुवातीपासून धनादेश हाती येईपर्यंत दोन वर्षे लागली तरी तिथे कोणाला नवल वाटत नसे.

लँकेस्टर काउंटीत आणखी एक पेच होता. तिथल्या आमिश आणि मेनोनाइट या ख्रिस्ती पंथांच्या शेतकऱ्यांपैकी अनेकांना सरकारचा पैसा घेणे धर्माच्या दृष्टीने रुचत नाही, आणि सर्वांत सुपीक जमीन बऱ्याच अंशी त्यांच्याकडेच आहे. शेतजमीन राखण्यासाठी काउंटीचे शासकीय मंडळ असूनही १९८८ मध्ये तिथे एक खासगी न्यास उभा राहिला आणि ज्यांना सरकारशी देणेघेणे नको होते, त्यांना तो मार्ग मोकळा झाला. मोठ्या निधीपेक्षा ही सोय जास्त शहाणपणाची होती, असे माझे मत आहे.

या व्यवस्थेची मर्यादाही सांगतो. ईझमेंट जमीन राखते, शेतीचा धंदा राखत नाही. दुधाला भाव नसेल तर राखलेल्या शेतावरचा गोठाही रिकामा होतो. शिवाय बंधनामुळे भाव उतरल्याने तरुण शेतकऱ्याला जमीन घेता यावी अशी अपेक्षा असते, तर पुष्कळदा शहरातला धनिक टुमदार घर आणि चार घोडे ठेवण्यासाठी तेच शेत घेतो. मॅसॅच्युसेट्स आणि व्हरमाँट या राज्यांनी त्यावर उपाय म्हणून, शेतकरी नसलेल्या माणसाला जमीन विकली जात असेल तर ती शेतीच्या भावाने आधी आपण घेण्याचा पर्याय करारातच लिहून ठेवला.

महाराष्ट्रात हे जसेच्या तसे आणता येणार नाही. आपला सुविधाधिकार कायदा १८८२ चा आहे आणि त्यातला हक्क एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो. शेजाऱ्याच्या शेतातून जाणारी गाडीवाट हे त्याचे नेहमीचे उदाहरण. ज्या न्यासाची शेजारी जमीनच नाही, त्याला असा हक्क धारण करता येत नाही. अमेरिकेतही जुन्या कायद्याची अडचण हीच होती. १९८१ मध्ये तयार झालेल्या एका नमुना कायद्याच्या आधारे अनेक राज्यांनी ती दूर केली. मोठा फरक त्याहून खोल आहे. आपल्याकडे कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहसा घेता येत नाही, आणि बिनशेती वापर ही बहुतांशी शासनाच्या परवानगीची बाब मानली जाते. या बंधनांचा मोबदला कोणी कधी मागितला नाही. जो हक्क मुळात परवानगीवर अवलंबून आहे, तो शेतकऱ्याकडून विकत घेण्यासाठी शासन खिशात हात का घालेल, हा प्रश्न आधी सुटायला हवा.

आपल्या भावाने विक्रेत्याच्या तोंडी सांगण्यावर न जाता नोंदवलेला दस्त मागवावा आणि त्याला जोडलेला नकाशा नीट पाहावा. पेनसिल्व्हेनियाच्या राज्य योजनेत साधारणपणे दोन एकरांपर्यंतच्या जागेत आणखी एक राहते घर बांधण्याची मुभा असते. ती मुभा आधीच्या मालकाने वापरून टाकली आहे का, हे त्या नकाशावरून आणि काउंटीच्या मंडळाकडे चौकशी करून कळेल. व्यवहारात केंद्राचा पैसा असेल तर डांबर, काँक्रीट आणि छपरे यांनी झाकली जाणारी जमीन बहुधा एकूण क्षेत्राच्या दोन टक्क्यांच्या आत ठेवावी लागते. ८० एकरांच्या शेतात ती जेमतेम १.६ एकर होते. मोठे पोल्ट्री शेड घालण्याचा विचार असेल, तर हा हिशेब इसार देण्याच्या आधी करावा.