पऱ्यातील दगडाखालचा मासा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (देवरूख परिसर): पऱ्यातला (डोंगरातल्या छोट्या ओढ्यातला) दगड उलटला तेव्हा बोटभर लांबीचा, मिश्यांचा मासा त्याला चिकटलेला होता. गावात त्याला मळ्या म्हणतात. तो मळ्याच का?

उत्तर: नव्हे. मळ्याच्या अंगावर खवले असतात आणि चिकटण्याची चकती त्याच्या खालच्या ओठामागे असते. बिनखवल्यांचा, तोंडाभोवती मिश्यांच्या चार जोड्या असलेला आपला मासा मार्जारमीन, म्हणजे समुद्रातल्या शिंगाळ्याचा दूरचा नातलग. तो अलगद उलटा करून पाहावा. छातीवरच्या दोन परांच्या (पोहण्याच्या पंखांच्या) मध्ये कातडीच्या बारीक चुण्या दिसल्या, तर तो ग्लिप्टोथोरॅक्स या प्रजातीतला समजावा. दख्खनमधून यातील एका जातीचे वर्णन इंग्रज लष्करी अधिकारी साइक्स यांनी १८३९ मध्ये केले, तर पुण्याच्या मुळा-मुठेतील दुसऱ्या जातीचे मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९३८ मध्ये. रंगावरून मात्र जात ठरवू नये.

प्रश्न (आंबोली): आषाढातल्या लोंढ्यात हा मासा वाहून कसा जात नाही?

उत्तर: त्याची छाती-पोटाची बाजू सपाट असते आणि छातीवरचे पर आडवे पसरलेले असतात, त्यामुळे वरून धावणारे पाणी त्याला उचलण्याऐवजी बरेचसे तळाशीच दाबते. खरी पकड छातीच्या चुण्यांची. नुसत्या डोळ्यांना त्या गुळगुळीत वाटतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावर शिंगासारख्या कठीण द्रव्याचे असंख्य टोकदार उंचवटे दिसतात आणि ते दगडाच्या खरबरीत पृष्ठभागात अडकतात. हवा शोषून भिंतीला चिकटणाऱ्या रबरी टोपीची कल्पना येथे फारशी लागू पडत नाही. हे काम मुख्यतः घर्षणाचे आहे. शिवाय तळालगत, दगडांच्या आडोशाला, प्रवाहाचा वेग वरच्यापेक्षा पुष्कळ कमी असतो आणि मासा बहुतेक वेळ तेथेच, कीटकांच्या अळ्या टिपत, काढतो.

प्रश्न: त्याचा काटा विषारी असतो का?

उत्तर: पाठीवरच्या आणि छातीवरच्या परांना काटा असतो, तो टोचतो. जखम साबणाने धुवावी. सूज वाढली तर डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न (चिपळूण): घरच्या काचेच्या टाकीत तो जगेल का?

उत्तर: माझे मत विचाराल तर पाळू नये. त्याला भरपूर प्राणवायूचे वाहते पाणी लागते. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशाला जेमतेम साडेसात. कोकणातल्या एप्रिलमध्ये घरातल्या साचलेल्या पाण्याची काय अवस्था होते, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न (कुडाळ तालुका): दिवाळीनंतर आम्ही व्हाळावर (ओढ्यावर) पोत्यांचा वनराई बंधारा घालतो. त्याने या माशांचे नुकसान होते का?

उत्तर: जागेवर अवलंबून आहे. बंधाऱ्यामागे पाणी थबकते, गाळ बसतो आणि दगडांमधल्या ज्या फटींत हा मासा व त्याचे खाद्य राहते त्या बुजतात. म्हणून खळाळत्या उतारावर बंधारा नको. सपाट, मुळातच संथ पात्र निवडावे आणि खाली थोडे पाणी वाहते ठेवावे. पहिल्या मोठ्या पावसात असा बंधारा वाहून जातो, त्यामुळे त्याचा त्रास हंगामापुरताच. बागांसाठी डोंगर कापल्यावर उतरणारी लाल माती आणि मासे मारायला कोंडीत (ओढ्यातल्या डोहात) टाकलेली ब्लीचिंग पावडर यांचे नुकसान त्याहून कितीतरी मोठे आहे. बंधाऱ्याच्या भरावासाठी उतारावरचे गोटे मात्र उचलू नयेत. माती काठावरून आणावी.